वेदनाशामक परंपरागत उपचार : सुई, डाग, तुंबडी (पाथर्डी परिसर)

पोटात औषध न घेता अंगावर बाहेरून टोचून, डागून, शोषून, दाबून किंवा शेकून दुखणे कमी करण्याच्या पद्धती. चीनमधील ॲक्युपंक्चर ही त्यांपैकी जगभर पोहोचलेली पद्धत. आयुर्वेदातील विद्धकर्म (टोचणे), अग्निकर्म (डागणे) व रक्तमोक्षण (रक्त काढणे), वैदूंची तुंबडी आणि घरोघरचा निरगुडीचा शेक ही तिचीच इकडची भावंडे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात या विषयाला वेगळे वजन आहे, कारण इथले दुखणे बहुतांशी कष्टातून आलेले आहे.

गर्भगिरीच्या डोंगररांगांतला हा कमी पावसाचा तालुका. दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व साखर कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर परततात. तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. वाकून बुडाशी ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. कंबर, मान, खांदे आणि गुडघे या कामात झिजतात. एक दिवस बसून राहिले तर ‘खाडा’ पडतो आणि तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात वसूल होतो. त्यामुळे रात्री कोपीत (झोपडीत) करता येईल आणि सकाळी फडात उभे करील, अशाच उपचाराला इथे किंमत आहे.

पाठीत अचानक चमक निघून माणूस जागच्या जागी अडकला की ‘उसण भरली’ म्हणतात. त्यावर पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाकडून, पाठीला पाय लावून घेण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. अशी उसण पुष्कळदा काही दिवसांत आपोआपच ओसरते, आणि त्याचे श्रेय पायाळूला मिळते. निरगुडीचा किंवा एरंडाचा पाला गरम करून बांधणे, मिठाची पुरचुंडी किंवा तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकणे, मुका मार लागल्यास आंबेहळदीचा लेप लावणे हे उपचार बहुधा निरुपद्रवी आहेत, आणि उबेने आखडलेला स्नायू सैल पडतो हे खरेच आहे. बिब्ब्याची गोष्ट वेगळी. त्याचे तेल कातडीला जाळते, फोड येतात, काहींच्या अंगभर पुरळ उठते. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालणे हा धोक्याचा उपाय आहे.

तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळी ते गुढीपाडवा या काळातील तिथली यात्रा गाढवांच्या बाजारासाठी आणि भटक्या समाजांच्या मेळाव्यासाठी ओळखली जाते. अनेक जमातींच्या जातपंचायती इथेच बसत. त्यांत वैदूही होते. घरात तेलुगूची बोली बोलणारा हा समाज झोळीवाले, चटईवाले, दाढीवाले अशा शाखांत विभागलेला. गावोगाव फिरून जडीबुटी विकणे आणि तुंबडी लावणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. जनावराच्या पोकळ शिंगाचे रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवायचे, निमुळत्या टोकाने हवा ओढून घ्यायची आणि ते टोक मेणाने बंद करायचे. आत कातडी उचलली जाते, रक्त साकळते. रक्त काढायचे असल्यास आधी पात्याने फासण्या (बारीक छेद) टाकतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसलेले गोल काळसर डाग याच तत्त्वाच्या उपचाराचे होते. तिथला पेला आणि इथले शिंग यांत मोठा फरक स्वच्छतेचा. एकच शिंग आणि एकच पाते अनेकांना वापरले, तर रक्तातून पसरणारी कावीळ व इतर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

या लोकोपचारांना शास्त्रग्रंथांचाही आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा, तेरावा जळवांचा. तेराव्यात शिंग आणि भोपळ्याची तुंबडी यांचाही विचार आहे. डाग देण्यासाठी पिंपळी, गाईचा दात, धातूची शलाका, तापवलेला मध, गूळ अशी साधने ऊतीनुसार वेगळी सांगितली आहेत. गृध्रसीत, म्हणजे आजच्या भाषेत सायटिकात, गुडघ्याच्या सांध्याच्या चार अंगुळे वर किंवा खाली शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे) करावा असे शारीरस्थान सांगते. कंबरदुखीसाठी चिनी वैद्य गुडघ्याच्या मागच्या खळगीत ‘वेईझोंग’ बिंदूवर सुई लावतात. एवढ्या साम्यावरून एक पद्धत दुसरीतून निघाली असे म्हणता येत नाही. जिल्ह्यात या शास्त्राचे रीतसर शिक्षण अहिल्यानगर येथील आयुर्वेद महाविद्यालयात १९१७ पासून मिळते. ‘औषधी गुणधर्मशास्त्र’ लिहिणारे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव त्या संस्थेला आहे.

शास्त्रातला नेमका डाग आणि अंधश्रद्धेतला चटका यांची गल्लत मात्र जीवघेणी ठरते. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांना तापवलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण.

ॲक्युपंक्चरमध्ये केसाइतक्या बारीक, भरीव सुया ठरावीक बिंदूंवर टोचून थोडा वेळ ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने असे ३६१ बिंदू प्रमाणित केले आहेत. भारतात ही पद्धत आणण्याचे श्रेय डॉ. बिजॉय कुमार बसू यांना जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकातले. कोटणीस शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुई शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. कोटणिसांच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारक समित्यांनी त्याचा प्रसार केला, म्हणून मराठी वाचकाच्या मनात कोटणीस आणि ॲक्युपंक्चर ही नावे जोडली गेली.

परिणामाचा प्रश्न सरळ नाही. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, तर नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना आराम पडला. म्हणजे सुईचा उपयोग झाला, पण ती नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. टोचण्याने शरीरातील एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, तसेच मेलझॅक व वॉल यांच्या १९६५ च्या सिद्धांताप्रमाणे मज्जारज्जूतील वेदनेचे ‘दार’ आवळले जाते, अशी दोन स्पष्टीकरणे दिली जातात. विश्वास आणि निवांत पडून राहणे यांचाही वाटा मोठा असावा. ऊसतोड कामगाराला तर तो निवांतपणाच मिळत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सुईच्या उपचारांची सशर्त शिफारस केली.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला असून त्यानुसार राज्य परिषदेकडे व्यावसायिकांची नोंदणी होते. सुया निर्जंतुक व एकदाच वापरायच्या असाव्यात. छातीवर वा पाठीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला छिद्र पडण्याचा दुर्मिळ धोका असतो. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ताप किंवा घटते वजन यांपैकी काहीही दिसले, तर सुई, शेक, तुंबडी सारे बाजूला ठेवून रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.