मुंबईची पेटी, शिराझचं कूळ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मुंबईत घडलेल्या काही लाकडी पेट्या आहेत. कुठली शिवणकामाची, कुठली लेखनसाहित्याची. झाकणावर, कडांना, आतल्या कप्प्यांच्या झाकण्यांवरसुद्धा तारे, षट्कोन आणि त्रिकोण यांची इतकी बारीक नक्षी, की पहिल्या नजरेला वर छापील कापड चिकटवलंय असं वाटावं. इंग्रजी बाजारात यांचं नाव 'बॉम्बे बॉक्स'. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे काम मांडलं गेलं, तिथे नावाजलं गेलं आणि पुढची काही दशकं मुंबई बंदरातून विलायतेला परतणाऱ्या अनेक साहेब-मडमांच्या सामानात अशी एखादी पेटी असे. आज मुंबईत ती भेटते ती जुन्या वस्तूंच्या दुकानात, बऱ्याचदा कोपऱ्यावरचे तुकडे उडालेली.

या कामाला गुजरातेत सादेली म्हणतात. नक्षी रंगाने काढलेली नाही, हे आधी सांगायला हवं. हस्तिदंत, आबनूस, पतंगाचं तांबडं लाकूड, चंदन, सांबराचं शिंग, हिरवं रंगवलेलं हस्तिदंत किंवा हाड आणि कथलाची तार एवढ्यावर सगळी नक्षी उभी राहते. आधी या प्रत्येकाच्या लांब काड्या तासायच्या. कुणाचा छेद त्रिकोणी, कुणाचा तिरक्या चौकोनाचा, कुणाचा गोल. त्या ठरल्या क्रमाने सरसात जुळवायच्या आणि दोऱ्याने करकचून आवळायच्या. सरस सुकला की एक जुडी तयार. अशा जुड्या पुन्हा एकमेकींना जोडून जाड दांडा करायचा आणि तो करवतीने आडवा कापायचा. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीवर तीच वेटोळी दिसतात, तसा इथे प्रत्येक पातळ कापावर तोच तारा उमटतो. हे काप चंदनाच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पेटीवर सरसाने बसवायचे, घासून एका पातळीत आणायचे आणि झिलई द्यायची.

खरी कसोटी असते काडी तासण्यात. एका काडीचा कोन केसभर चुकला, तर ती चूक ओळीगणिक वाढत जाते आणि पाचसहा ओळींनंतर फट डोळ्यांत भरते. कथील निवडण्यामागेही शहाणपण आहे. हा धातू मऊ, त्यामुळे लाकडाबरोबर एकाच करवतीने कापला जातो आणि घासल्यावर रुपेरी ठिपक्यासारखा चमकतो. जुनी पेटी हाती आली तर हे ठिपके भिंगातून जरूर पाहा. दीडशे वर्षांपूर्वी एका कारागिराने सुईच्या जाडीची तार त्रिकोणाच्या नेमक्या टोकाला बसवलेली असते, आणि तीही शेकडो वेळा.

ही विद्या आली कुठून? जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' या ग्रंथात तिचं मूळ इराणातल्या शिराझला नेलं आहे. तिथून सिंध आणि मग मुंबई, असा तो प्रवास. शिराझमध्ये याच पद्धतीच्या कामाला खातमकारी म्हणतात आणि ते आजही जोरात चालतं. वाटेत सुरतेला या कामाने घट्ट मूळ धरलं. तिथल्या पारशी कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं.

बर्डवूड यांचा उल्लेख केवळ ग्रंथकार म्हणून करणं अपुरं आहे. त्यांचा जन्म १८३२ चा, बेळगावचा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत आणि शहराच्या संग्रहालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट अशा मंडळींच्या खटपटीतून उभं राहिलेलं ते संग्रहालय १८७२ मध्ये भायखळ्याच्या इमारतीत लोकांसाठी खुलं झालं. आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं. रंधा-करवतीच्या कामाला संग्रहालयात जागा द्यावी, त्याची कृती लिहून ठेवावी, ही समज त्या पिढीला होती. माझ्या मते ते त्यांचं मोठं ऋण आहे.

गोव्यातल्या जडावकामाशी मात्र या पेट्यांची गल्लत करू नये. सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी गोव्यात घडलेली खणाखणांची कपाटं, म्हणजे कोंतादोर, हे वेगळंच घराणं. तिथे सागावर आबनूस आणि हस्तिदंत यांचे आकार एकेक करून बसवलेले असतात, एकमेकांना छेदणारी वर्तुळं काढलेली असतात. दांडा कापून नक्षी काढण्याची युक्ती त्यात नाही. मैनपुरीची तारकशी आणि म्हैसूरचं शिसवी जडावकाम हीही आपापल्या परीने थोर, पण तीही निराळी.

मुंबईची पेटी कागदावर उतरायला कोलकात्याचीही मदत झाली. डिसेंबर १८८३ ते मार्च १८८४ या काळात चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमच्या परिसरात कोलकात्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं आणि देशभरची कारागिरी तिथे गोळा झाली. पुढे याच संग्रहालयात काम करणाऱ्या त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी १८८८ मध्ये 'आर्ट-मॅन्युफॅक्चर्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ सिद्ध केला. लाकडावरच्या जडावकामाचा विचार त्यातही आहे. बंगाली वाचक त्यांना 'कंकावती'चे लेखक म्हणून ओळखतात. अद्भुत गोष्टी रचणारा माणूस सुतार, कासार, विणकर यांच्या कामाची इतक्या बारकाईने नोंद करतो, हे मला फार मोलाचं वाटतं. १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनावरचा जॉर्ज वॉट यांचा जाडजूड ग्रंथही कोलकात्यातच छापला गेला.

नोंदी झाल्या, पण काम आटत गेलं. गिऱ्हाईक परदेशी होतं. त्याची आवड बदलली आणि मागणी गेली. घाईच्या मालात काड्या जाड झाल्या, नक्षी भरड झाली. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि ती हवीच होती. हत्ती मारून पेटी नको. सुरतेत आता हस्तिदंताऐवजी हाड, अॅक्रिलिक यांसारखी सामग्री वापरतात. शिराझमध्ये उंटाचं हाड. नक्षीचं काही अडत नाही, कारण ती कोनांच्या हिशेबावर उभी आहे.

इंग्लंडच्या केंट परगण्यातही असंच घडलं. टनब्रिज वेअर नावाच्या तिथल्या पेट्या रंगीबेरंगी लाकडांच्या काड्या चिकटवून आणि आडव्या कापून होत. विसाव्या शतकात तो धंदा बसला. पण त्या देशात लाकडी जडावकामाची, म्हणजे मार्केट्रीची, हौस असलेल्यांनी १९५२ मध्ये मार्केट्री सोसायटी काढली. गावोगावचे गट, एकत्र बसून काम, वर्षाचं प्रदर्शन, स्वतःचं नियतकालिक. पोटासाठी हे काम करणारे कमी झाले, तरी हौसेने करणाऱ्यांनी ते हातात ठेवलं.

आपल्याकडे असं मंडळ का असू नये? सामान महाग नाही. प्लायवूडच्या दुकानात साग, अक्रोड, शिसव यांच्या विनिअरचे उरलेले तुकडे मिळतात, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. सुरुवात एका पानाच्या आकाराने करावी. फिक्या विनिअरमध्ये पानाएवढी खिडकी कापायची, तिच्याखाली गडद विनिअर सरकवायचं, खिडकीच्या कडेने धारदार पात्याने रेघ ओढायची आणि निघालेला तुकडा खिडकीत बसवून वरच्या बाजूने कागदी टेप लावायची. मग पूर्ण चित्र गोंदाने फळीवर दाबायचं. हात बसला की काड्यांच्या जुड्यांकडे वळावं. शाळेत भूमिती नकोशी वाटलेल्या मुलांना साठ अंशांचा कोन इथे बोटांनी कळेल.

महाराष्ट्र मंडळांकडे जागा असते, माणसं असतात, सुट्टीतली शिबिरंही भरतात. कोलकात्याचं असो, पुण्याचं असो की बेळगावचं, एखाद्या मंडळाने महिन्यातून एक रविवार या कामाला द्यावा आणि सुरतेच्या एखाद्या सादेली कारागिराला योग्य मानधन देऊन शिकवायला बोलवावं. त्याच्याकडून शिकायचं असेल, तर ते आत्ताच शिकायला हवं.