शालेय परसबागेचा इतिहास : महात्मा फुले यांच्या निवेदनापासून पोषणबागेपर्यंत

प्रस्तावना

शाळेच्या आवारातील परसबाग हा विषय अलीकडे प्रामुख्याने आहारशास्त्राच्या अंगाने चर्चिला जातो. मुलांनी पालेभाज्या खाव्यात, मातीत काम करताना त्यांच्या शरीराला व्यायाम घडावा आणि बाजारी खाऊची ओढ कमी व्हावी, असे हेतू त्यामागे सांगितले जातात. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये शालेय पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या, तेव्हा ही कल्पना पुष्कळांना नवी वाटली. वस्तुतः महाराष्ट्राच्या भूमीत तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा पूर्वेतिहास आहे. या पूर्वेतिहासात बाग अनेकदा लावली गेली आणि अनेकदा सुकली. ती का सुकली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

फुले यांची मागणी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वपरिचित आहे. अभ्यासक्रमासंबंधीचा भाग मात्र तितकासा वाचला जात नाही. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख या विषयांच्या जोडीला फुले यांनी शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यविषयक पाठ सुचविले. शेतीच्या पाठांना प्रत्यक्षाची जोड मिळावी म्हणून लहानसे नमुनेदार शेत असल्यास मोठाच लाभ होईल, असेही त्यांनी म्हटले. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत, प्रसंगी नांगराची मूठ धरण्याची त्यांना लाज वाटू नये, ही त्यांची अपेक्षा होती.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. फुले यांच्या यादीत शेत हे हिशेब आणि आरोग्य यांच्या पंगतीला बसले आहे. साक्षरतेऐवजी श्रम असा पर्याय त्यांनी कोठेही मांडलेला नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षर हवेच होते. जे काम ती मुले घरी करीतच होती, त्याचे शास्त्र त्यांना शाळेत मिळावे, एवढाच या मागणीचा अर्थ.

वर्धा योजना

पंचावन्न वर्षांनी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी मातृभाषेतून, उत्पादक हस्तव्यवसायाच्या माध्यमातून शिक्षणाची योजना तयार केली. सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळबाग व भाजीपाला लागवड हा हस्तव्यवसायही तीत होता.

या योजनेचे वेळापत्रक मुळातून पाहण्याजोगे आहे. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूळ हस्तव्यवसायासाठी राखलेली होती. मातृभाषेला चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस. सामाजिक शास्त्र व सामान्य विज्ञान यांना तीस. शारीरिक शिक्षणाला अवघी दहा मिनिटे मिळाली. आजच्या वाचकास हे आश्चर्याचे वाटेल. परंतु ज्या मुलाने सकाळी वाफे खणले व विहिरीचे पाणी वाहून आणले, त्याला वेगळ्या कवायतीची गरज ती किती?

आहाराचा धागा गांधीजींच्या विचारात त्याआधीच आलेला होता. १९३५ मध्ये त्यांनी 'हरिजन'मधून हिरव्या पाल्याच्या अन्नमूल्याविषयी लिहिले होते. पुढे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामला जी शाळा उभी केली, तेथे बाग, स्वयंपाकघर आणि सफाई ही तिन्ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली. भाजी पिकविणे, निवडणे, शिजविणे, तिचा खर्च मांडणे आणि उरलेला पाला खतात घालणे या एकाच साखळीच्या कड्या होत्या. माझ्या मते सेवाग्रामच्या प्रयोगाचे खरे मर्म या साखळीत आहे. चरख्याच्या चर्चेत ते झाकले गेले.

योजनेवर टीकाही तेव्हाच झाली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेला प्रा. के. टी. शहा यांनी वर्ध्याच्या परिषदेतच हरकत घेतली. दुसरी एक हरकत परिषदेच्या बाहेरची होती आणि ती अधिक खोल आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खुरपे हातचे सुटले नाही, त्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मूल शाळेत धाडले, ते पुन्हा खुरपेच हाती घेण्यासाठी काय? नई तालीमच्या समर्थकांनी श्रमप्रतिष्ठेची भाषा पुष्कळ वापरली. पण श्रमाची वाटणी जातीने ठरत असलेल्या समाजात त्या भाषेचा अर्थ सर्वांना सारखा लागत नाही, याची दखल त्यांनी पुरेशी घेतली असे वाटत नाही.

कार्यानुभवाकडे

स्वातंत्र्योत्तर काळाची कथा थोडक्यात सांगता येते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' ही संज्ञा रूढ केली; ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचविले. बागकाम हा त्यातील एक उपक्रम, आणि उपक्रम म्हटला की वही, श्रेणी व शेरा आलाच. वाफ्यात मेथीच्या जागी झेंडू आला. झेंडूला दोष देण्याचे कारण नाही. तथापि तो जेवणाच्या ताटात जात नाही. बाग आणि स्वयंपाकघर यांची ताटातूट झाली ती अशी.

निकड सरली की बाग सरते, हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ नंतर, शाळकरी मुलांची 'स्कूल गार्डन आर्मी' उभारण्यात आली. अन्नटंचाईच्या भीतीने लाखो मुले भाजीपाला लावू लागली. युद्ध संपले आणि ती मोहीमही लवकरच गुंडाळली गेली.

पोषणबाग

भारतात ताटाची निकड दुसऱ्या वाटेने परत आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू झाला. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक ठरले. शाळेत चूल पेटली, आणि चुलीमुळेच २०१९ च्या सूचनांना आधार मिळाला. जागा अपुरी असल्यास गच्चीवर अथवा कुंड्यांत लागवड करावी आणि निघालेली भाजी माध्यान्ह भोजनात वापरावी, असे त्यांत सांगितले आहे. २०२१ मध्ये योजनेचे 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नामांतर झाले, तेव्हाही पोषणबागांवरील भर कायम राहिला.

बागेचा मुलांच्या खाण्यावर कितपत परिणाम होतो? अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन परिसरातील १६ प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना लागवडीबरोबर पोषण व स्वयंपाकाचेही धडे देण्यात आले. त्यांच्या रोजच्या आहारात भाजी सुमारे अर्ध्या वाढणीने वाढली. वजन व रक्तदाब यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष माफक आहे आणि म्हणूनच उपयुक्त आहे. बागेकडून लठ्ठपणाचा नायनाट मागणाऱ्यांची निराशा होईल. ताटात भाजी वाढावी एवढीच अपेक्षा ठेवणाऱ्यांची होणार नाही. या कार्यक्रमातही वाफा आणि चूल एकत्र होती, हे विशेष.

आपल्याकडील अडचणी अगदी साध्या आहेत. जूनमध्ये लावलेला भोपळा, दोडका, वाल पावसावर येतो. हिवाळ्यातील मेथी-पालक हात धुण्याच्या सांडपाण्यावर निघते. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. उत्साही शिक्षकाची बदली झाली की वाफे ओसाड पडतात. खणण्याचे काम कोणत्या मुलांच्या वाट्याला येते आणि फलकावर नावे कोणाची लिहिली जातात, हेही पाहावे लागते. या प्रश्नांची उत्तरे बागेच्या छायाचित्रांत मिळणार नाहीत. कोणत्या दिवशी किती शेर भाजी खुडली, ती कोणी खुडली आणि त्यातील किती खिचडीत पडली, याची नोंद शाळेच्या स्वयंपाकघरातील वहीतच होऊ शकते. आणि ती वही, फुले यांच्या यादीप्रमाणे, हिशेब शिकणाऱ्या मुलांनीच लिहावयास हरकत नाही.