अणू दिसण्याआधी हादरे थांबवावे लागले

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची गोष्ट बहुतेक जण सुईपासून सुरू करतात. टोकदार सुई, तिच्या अग्राशी जेमतेम एखादा अणू, आणि तिने चाचपून काढलेला पृष्ठभाग. आज मी तीच गोष्ट हादऱ्यांपासून सांगणार आहे, कारण माझ्या मते खरी लढाई तिथे झाली.

अडचण किती मोठी होती ते आधी पाहू. सुई आणि धातूचा पृष्ठभाग यांच्यात एका नॅनोमीटरहून कमी फट ठेवायची. दोघांचा स्पर्श नसतानाही इलेक्ट्रॉन ती फट ओलांडतात, यालाच टनेलिंग म्हणतात. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली की प्रवाह साधारण दहापट घटतो. अणूंचे उंचवटे कळतात ते यामुळेच. पण प्रयोगशाळेची जमीन कधीच स्वस्थ नसते. रस्त्यावरचा ट्रक, तळघरातला पंप, जिन्यावरची पावलं, सगळं तिथे पोचतं, आणि ते हलणं त्या फटीच्या शेकडो पट असू शकतं.

कल्पना नवी नव्हती. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल यंग यांनी 'टोपोग्राफायनर' नावाचं असंच यंत्र बांधलं होतं, त्याचं वर्णन १९७२ साली छापून आलं. टनेलिंगने जास्त बारीक दिसेल, हेही यंगना कळलं होतं. पण एवढ्या जवळ सुई स्थिर धरून पृष्ठभागावर फिरवणं त्या यंत्राला जमलं नाही, आणि प्रकल्प बंद पडला. मला याची हळहळ वाटते. माणूस अगदी दाराशी पोचला होता.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ र्‍युश्लिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९७८ च्या अखेरीस गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर कामाला लागले. सोबत क्रिस्टोफ गेर्बर आणि एडी वायबेल होते. रोहरर यांना हादऱ्यांची जुनी ओळख होती. डॉक्टरेटसाठी ते अतिवाहक धातूंच्या लांबीतले सूक्ष्म बदल मोजत. उपकरणं इतकी हळवी, की शहर झोपल्यावर, मध्यरात्रीनंतरच काम करायची त्यांना सवय लागली होती.

त्यांनी पहिला उपाय केला तो जरा राजेशाहीच. जड दगडी टेबल हवेने भरलेल्या रबरी नळ्यांवर ठेवलं. मायक्रोस्कोप बसवला कायमच्या चुंबकांवर, आणि खाली शिशाची वाटी. द्रवरूप हेलियमने शिसं ७.२ केल्विनच्या खाली गेलं की ते अतिवाहक होतं आणि चुंबकाचं क्षेत्र आत येऊ देत नाही. मग चुंबक वाटीवर अधांतरी तरंगतो. खालून धक्का पोचवायला काही टेकलेलंच नाही! ही वाटी घडवली प्रयोगशाळेतल्या काचकाम करणाऱ्या एमिल हाउप्ट यांनी. हेलियम मात्र तासाला सुमारे वीस लिटर उडून जाई. १६ मार्च १९८१ च्या रात्री, श्वाससुद्धा जपून घेत, त्यांना हवी ती नोंद मिळाली: फट बदलेल तसा प्रवाह पटींनी बदलत होता.

पण रोज एवढं हेलियम जाळून कुणी काम करणार नाही. म्हणून पुढे स्प्रिंगा आल्या. स्प्रिंगेचं गणित सोपं आहे. वजन टांगल्यावर ती जितकी ताणली जाते, तितकी तिची स्वतःची झोका घेण्याची गती मंद होते. पंचवीस सेंटीमीटर ताण म्हणजे सेकंदाला जवळपास एक झोका. त्याहून बरेच जलद हादरे ती वरच्या वर गिळते. पण नेमका तिच्याच तालातला हादरा आला, तर ती तो वाढवते, आणि एकदा डोलायला लागली की थांबायचं नाव घेत नाही.

तेल भरलेला दट्ट्या लावून डोलणं थांबवता येतं, पण निर्वातात तेलाची वाफ चालत नाही. इथे चुंबक दुसऱ्या रूपाने परत आला. तांब्याचा तुकडा चुंबकाजवळ हलला की त्यात विजेचे भोवरे फिरतात आणि ते त्या हालचालीलाच विरोध करतात. फुकोने हे १८५५ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडच्या जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती आठवा. तिला लगाम घालणारा चुंबक याच तत्त्वावर चाले. ना स्पर्श, ना घर्षण, ना वाफ. दोन टप्प्यांच्या स्प्रिंगा आणि त्यांना आवरणारे चुंबक, ही जोडी मग कित्येक प्रयोगशाळांनी उचलली.

१९८२ च्या शरदात सिलिकॉनच्या पृष्ठभागाची सात गुणिले सात अशी अणुरचना प्रत्यक्ष दिसली. १९८६ साली बिनिग आणि रोहरर यांना नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्या एर्न्स्ट रुस्का यांना. पुरस्काराच्या घोषणेत यशाचं श्रेय मुख्यतः यांत्रिक रचनेच्या अचूकतेला दिलं आहे, आणि उदाहरण म्हणून त्याच शिशाच्या भांड्यावर तरंगणाऱ्या चुंबकाचं नाव घेतलं आहे. यंगचाही उल्लेख तिथे आहे.

गंमत म्हणजे, त्याच सुमारास गेर्बर आणि सहकाऱ्यांनी खिशात मावेल एवढा मायक्रोस्कोप केला. यंत्र जितकं लहान आणि ताठ, तितकं ते सबंध एकदम हलतं; सुई आणि नमुना एकमेकांपासून सरकत नाहीत. त्याला ना वाटी लागली, ना लांब स्प्रिंगा. धातूच्या पट्ट्या एकावर एक, मध्ये रबराचे तुकडे, एवढ्यावर भागलं.