पाऊण सेकंदाचा धडा

चिमूरमध्ये एखाद्या घराचा दुसरा मजला चढू लागला, की भिंतीला लागून बांबूंची परांची उभी राहते. तिच्या फळीवर उभा राहून गवंडी गिलावा करतो. बहुधा कठडा नसतो, अंगाला दोरही नसतो. विचारले तर उत्तर मिळते, "सवय आहे जी!" हे उत्तर कितपत खरे, ते आपण पाहू.

एक मजला म्हणजे सुमारे 3 मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असतो. धोका जाणवून हात हलेपर्यंतच यातला पाव सेकंद संपतो. एकदा तोल गेला की सवयीला काही करायला वेळच उरत नाही. जे शिकायचे ते पडण्यापूर्वीचे.

हे समजायला फार किंमत मोजावी लागली. 1856 ते 1863 या काळात बोरघाटात रेल्वेमार्ग झाला. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी मजुरांना दोरांनी कड्यावरून खाली सोडत. दोर तुटून माणसे दरीत पडत. पटकीसारख्या साथींनी तर याहून कितीतरी अधिक बळी घेतले. घाटाची उंची, बोगदे, पूल यांची मोजमापे नोंदली गेली. पडलेल्या मजुरांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

सत्तर वर्षांनंतर वेगळा विचार दिसतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1933 साली गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी पुलाखाली दोरखंडाचे जाळे बांधवून घेतले. त्यात पडून 19 जण वाचले. पण 17 फेब्रुवारी 1937 रोजी एक जड परांची कोसळून जाळे फाटले आणि 10 कामगार मृत्युमुखी पडले. साधन हवे, आणि ते किती भार सोसेल हेही ठाऊक हवे.

जाळे वाचवते कसे? 2 मीटर पडलेला माणूस 10 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या वजनाच्या सुमारे 21 पट बल लागते. तोच 1 मीटर अंतरात थांबला, तर फक्त तिप्पट. कमरेच्या पट्ट्यात हे सारे बल पोटावर येते. म्हणूनच पडणाऱ्याला अडवण्यासाठी असा पट्टा वापरण्यास अमेरिकेत 1998 पासून मनाई झाली आणि मांड्या-खांद्यांवर बल वाटून देणारा पूर्ण अंगाचा पट्टा आला. अर्थात कठडा असेल तर पडण्याची वेळच येत नाही. म्हणून आधी कठडा, मग जाळे व पट्टा.

भारतात बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा 1996 साली झाला. पण तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांसाठी होता. 2020 च्या संहितेत तो सामावला गेला, तरी दहाची अट राहिली. चिमूरच्या घरावर चार-पाच माणसेच असतात! तेथे कायदा पोहोचत नाही. शाळा पोहोचू शकते.

वर्गात एक प्रयोग करावा. बारीक दोऱ्याला छोटा दगड बांधून वरून सोडावा, दोरा तुटतो. मध्ये रबराचा तुकडा जोडला, की तोच दोरा टिकतो. समोर बसलेल्यांपैकी कोणाचे वडील परांचीवर उभे असतील. हा धडा संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी पोहोचला, तर आम्हाला समाधान वाटेल.