इराण्याचे टेबल

मुंबईची इराणी हॉटेले यझदकडून आलेल्या जरथुष्ट्रींनी चालवली, तशीच शिया मुसलमानांनीही. धोबीतलावचे कयानी १९०४चे. ब्रून-मस्का, खिमा-पाव, चहा. पोटभर न्याहारी आणि तीही परवडणारी. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुस्लिम पाणी’ वेगळे मिळत असे, त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलावर अनोळखी माणसे समोरासमोर बसून खात.

कुलाब्याचे लिओपोल्डही इराण्यांचेच, १८७१चे. सुरुवातीला तिथे तेलाचा घाऊक धंदा होता. आज एका टेबलावर ऑम्लेट, दुसऱ्यावर बिअर. मी बिअर घेत नाही. शेजारचा घेतो, म्हणून माझा चहा नासत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ला दहशतवाद्यांनी इथेच जेवत्या माणसांवर गोळ्या झाडल्या. नाव माझ्या धर्माचे घेतले. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. लिओपोल्ड काही दिवसांतच उघडले. गोळ्यांच्या खुणा मात्र तशाच ठेवल्या.

माझ्या धर्माच्या वतीने कोण बोलले, असे कुणी विचारले तर मी त्या विश्वस्तांकडे बोट दाखवतो. आणि चहा प्यायला त्याच खुणांजवळ बसतो.