तळटीप : लंपनचं गाव

१. ‘लंपनचं गाव’ – प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या कथांमधल्या या गावामागे त्यांच्या लहानपणीचं बेळगाव आहे. ते तेव्हा मुंबई प्रांतात होतं. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं. कवयित्री इंदिरा संत या त्यांच्या आई. वडील १९४६ साली वारले. दत्तक गेल्यामुळे लेखकाचं कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कथांचा लहानगा नायक लंपनही आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. तरी या साम्यावरून कथांना आत्मचरित्र ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. बालपणाने लेखकाला घटनांपेक्षा कान दिला. कानडी हेल घेतलेली तिथली मराठी लंपनच्या तोंडी इतकी सहज येते, की ती कुठेही नक्कल वाटत नाही.

‘वनवास’ (१९९४) हा पहिला संग्रह आला तेव्हा कराडला भूशास्त्र शिकवणारे संत सत्तावन्न वर्षांचे होते. तरीही प्रौढ निवेदक मध्ये पडून काही समजावत नाही. दुरावा लंपनला जेवढा कळतो तेवढाच आपल्याला मिळतो. उरलेलं तो आपल्या बोलण्यातल्या अफाट आकड्यांमागे दडवतो. पुढचे संग्रह ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ याच क्रमाने वाचावेत.