काळं तेल जातं कुठं?

गाडीचं ऑइल घरच्या घरी बदलायचं, यात नवं असं काही नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ते घरीच बदललं जात होतं. फक्त त्या गाडीला बैल जुंपलेले असत. लांबच्या वाटेला निघायचं म्हटलं की शेतकरी चाक उतरवायचा, आख चिंधीनं लख्ख पुसून घ्यायचा आणि मग ताजं वंगण भरायचा. आख म्हणा की आस. चाक ज्यावर फिरतं त्याला आणि माणूस ज्यावर जगतो त्यालाही मराठीनं एकच शब्द दिला, याचं मला कवी म्हणून फार कौतुक वाटतं.

या कामात पुसण्याला भरण्याइतकंच महत्त्व होतं. जुनं वंगण काही संपलेलं नसे. वाटेवरची धूळ, लाकडाचा भुगा, लोखंडाचा कीस, सगळं त्यानं पोटात घेतलेलं असे. वंगणामुळं घर्षण कमी होतं, हे आपण शाळेत शिकलो. पण गाडीची घाण ते स्वतःवर घेतं, हे त्याचं दुसरं काम कुणी फारसं सांगत नाही. मोटारीच्या ऑइलचा सगळा इतिहास या दुसऱ्या कामाचाच आहे: घाण गोळा कशी करायची आणि मग ती टाकायची कुठं?

बैलगाडीला एरंडेल चालायचं. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड या गृहस्थानं १८९९ साली वंगणाची कंपनी काढली आणि पुढं मोटारींसाठी तेल तयार करताना त्यात एरंडेल मिसळलं. एरंडेलाचं इंग्रजी नाव कॅस्टर ऑइल, म्हणून १९०९ साली या तेलाचं नाव पडलं कॅस्ट्रॉल. आज नगरच्या कुठल्याही गॅरेजवर ही पाटी दिसते, तेव्हा मला आपलं परसातलं एरंडाचं झाड आठवतं.

सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत ऑइलचा पंपही नव्हता. फिरणारे भाग तेलात बुडत आणि ते उडवत. घाण तेलातच राहायची, त्यामुळं ते वरचेवर काढून टाकावं लागे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी तेल गाळण्याचं साधन आणलं. त्याचं नाव प्युरोलेटर, म्हणजे ‘प्युअर ऑइल लेटर’ची संधी! संधी-समास काय फक्त संस्कृतातच होतात?

आमच्या नगरला हे सारं लष्करामुळं लवकर दिसलं. इंग्रजांच्या काळापासून इथं चिलखती गाड्या आणि रणगाडे आहेत. १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती मोटारसुद्धा पाहायला मिळते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनाशेजारी फिल्टरचा एक डबा असे. सगळं तेल त्यातून जात नसे, थोडं थोडं गाळून परत येई. हीच जीप पुढं आपल्याकडे जोडायला घेतली ती महिंद्र कंपनीनं. १९४५ साली तिचं नाव होतं महिंद्र अँड महंमद. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथं गव्हर्नर जनरल झाले. इकडं १९४८ साली पाटी बदलून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. जीप मात्र तीच राहिली.

त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. एसटीनं मोटार सर्वांची केली आणि तिची देखभाल आगाराच्या भिंतीआड नेली. प्रवाशाचा वंगणाशी संबंध सुटला तो तिथं.

तो पुन्हा जुळला लूनामुळं. नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ साली ही पन्नास सीसीची गाडी आणली. नगरच्या कारखान्यात तयार झालेल्या लूना देशभर गेल्या. लूनाचं ऑइल बदलावंच लागत नसे. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. बुचानं मोजून ओतायचं, गाडी दोन्ही बाजूंना हलवायची आणि किक मारायची. तेल पेट्रोलबरोबर जळून जाई. मग घाण कुठं जाई? निळसर धूर होऊन आपल्या नाकात, आणि उरलेली सायलेन्सरमध्ये. काजळी साचून गाडी ओढेनाशी झाली की मिस्त्री सायलेन्सर काढून चक्क जाळात टाकत. आम्हाला लूनाचा अभिमान होता आणि आहे. पण तिचं काळं तेल आपण सगळ्यांनी मिळून श्वासात घेतलं, हेही खरंच आहे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचा फिल्टर म्हणजे आटे असलेला पत्र्याचा बंद डबा, फिरवून काढायचा आणि फिरवून बसवायचा. आत घड्यांचा कागद असतो. कागद घाणीनं पार चोंदला तर आतली एक झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढं जातं, कारण इंजिनाला घाणेरडं तेल एक वेळ चालतं, कोरडं राहणं मुळीच चालत नाही. या डब्यामुळं ऑइल बदलणं पुन्हा घरच्या अंगणात करण्याजोगं झालं.

करायचं असेल तर इंजिन जरा कोमट करा, भाजण्याइतकं नको. गाडी सपाट जागी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, पक्के स्टँड लावा. चेंबरचा बोल्ट रिंग पान्यानं सोडा, खाली पसरट घमेलं ठेवा. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावा आणि तो हातानंच आवळा. पान्यानं आवळून आटे घालवणारे बहाद्दर पुष्कळ. बोल्टला नवा वायसर घाला. ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं; शेजाऱ्याच्या गाडीचं आपल्या गाडीत ओतू नये. ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, मग काडीवर पातळी बघा. तासाभराचं काम आहे.

आणि मग घमेल्यात तीन-चार लिटर काळं तेल उरतं. आखाचं पुसलेलं वंगण चिंधीभर होतं, हे घमेलंभर आहे. खेडोपाडी ते सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवी नको म्हणून चौकटींना फासतात. काही जण सरळ गटारीत किंवा बांधावर ओतून मोकळे होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा एक हिशेब प्रसिद्ध आहे: एका गाडीतून एका वेळी निघालेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. दहा हजार लिटरचे ३८० टँकर! टँकरचा हिशेब नगर जिल्ह्याला समजावून सांगावा लागत नाही. निजामशाहीनं खापरी नळांतून कोसांवरून पाणी आणलेलं हे शहर. याच तालुक्यातल्या हिवरे बाजारनं पावसाचा थेंब थेंब जमिनीत मुरवून विहिरी जगवल्या. त्याच जमिनीत हे तेलही मुरतं.

खरं तर काळं तेल मेलेलं नसतं. घाण आणि पाणी काढून ते कारखान्यात पुन्हा शुद्ध करता येतं आणि पुन्हा वंगण म्हणून वापरता येतं. केंद्र सरकारनं २०२३ साली नियम बदलून १ एप्रिल २०२४पासून ही जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली. पण तुमच्या अंगणातल्या घमेल्यापर्यंत कंपनी येत नाही. ते अंतर तुम्हालाच काटावं लागतं. गंमत म्हणजे त्याच २०२४च्या फेब्रुवारीत विजेवरची ई-लूना आली, तीही नगर जिल्ह्यातच बनणारी. तिला इंजिन नाही, म्हणून इंजिन ऑइलही नाही. पण इंजिनाच्या गाड्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहणार आहेत.

तेव्हा घमेल्यातलं तेल नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट काही मिसळू नका. भेसळ झालेलं तेल शुद्ध करणं अवघड जातं. जुनं तेल गोळा करून अधिकृत कारखान्याला देणारं गॅरेज शोधा आणि कॅन तिथं द्या. कॅन रिकामा झाला की त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येतो. जुना फिल्टर लगेच भंगारात टाकू नका. तोंड खाली करून रात्रभर घमेल्यात ठेवा. सकाळी त्याखाली आणखी बरंच तेल साचलेलं दिसेल.